पाठकोरे कागद आणि महागडी काडतुसं

सांगलीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं ऑफिस होतं. बाबा कर सल्लागार. खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि कोपऱ्यात टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मार्च महिन्यात तो रात्री अकरा-अकरापर्यंत चर्रर्र-चर्रर्र करत बसायचा आणि आजी आतून ओरडायची, "बंद करा रे ती गिरणी!" रिबन फिकट पडली की बाबा नवी आणत नसत. कॅसेटचं झाकण उघडून आतल्या फितीवर शाईचे थेंब टाकायचे, बाजूचं चाक बोटाने फिरवत ती सगळीकडे पसरू द्यायची, आणि मग आठवडाभर काळी बोटं घेऊन हिंडायचं. चुकलेले छापील कागद अर्थातच टाकले जात नसत. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या, कागद क्लिपमध्ये लावायचे. हे 'पाठकोरे'. आठवी ते बारावी माझं सगळं गणित पाठकोऱ्यांवर झालं. एका बाजूला कुठल्यातरी किराणा दुकानाचा ताळेबंद, दुसऱ्या बाजूला माझं साइन-थीटा.

हे सगळं आठवायचं कारण एक प्रिंटर. अमेरिकेत पीएचडीला आल्यावर पहिल्याच सेमिस्टरला लॅपटॉपबरोबर मला एक इंकजेट प्रिंटर जवळजवळ फुकट मिळाला. (कंपनीचं नाव घेत नाही. पुढे वाचल्यावर कळेल की नावाने फारसा फरक पडत नाही.) दोन वर्षांनी भारतात जायला निघालो, मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यायचा होता. विमान सकाळी सहाचं. रात्री साडेदहाला कागद छापायला बसलो तर प्रिंटर म्हणतो, निळी शाई संपली, कार्ट्रिज बदला. मला छापायची होती काळी-पांढरी पानं. काळं कार्ट्रिज मी महिन्यापूर्वी नवं घातलं होतं. पण हा गडी ऐकेना. ओके दाबा, कॅन्सल दाबा, प्लग काढून परत लावा, काही उपयोग नाही. शेवटी रात्री बाराला चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गेलो. रंगीत कार्ट्रिजचा संच तिथे ज्या किमतीला होता त्याच्यात आणखी दहा-बारा डॉलर घातले असते तर शेजारच्या फळीवरचा नवा प्रिंटर आला असता, आतल्या कार्ट्रिजसकट!

मी संच घेतला. काय करणार? पण 'संपलेलं' निळं कार्ट्रिज फेकताना सवयीने कानाजवळ नेऊन हलवलं, तर आत खळखळ. ते मी कचऱ्यात न टाकता खिशात टाकलं. भारतातून परत आल्यावर प्रयोगशाळेतल्या काट्यावर नवं आणि हे असं दोन्ही तोललं. खळखळ खोटी नव्हती. माझा पीएचडीचा विषय बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांचा, त्यामुळे मार्गदर्शकांना वाटलं मुलगा कामात आहे. तेव्हापासून या शाईच्या इतिहासाच्या मी मागे लागलो, तो अजून लागलेलाच आहे.

कागदाला स्पर्श न करता त्यावर शाई उडवायची ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन (तेव्हा ते नुसते विल्यम थॉमसन होते) यांच्यासमोर अटलांटिकखालून येणाऱ्या तारेच्या संदेशांचा प्रश्न होता. इतक्या लांबून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे, की त्याच्या जोरावर कागदावर पेन घासणंसुद्धा जमत नसे. १८६७ साली त्यांनी यावर एक युक्ती काढली. केसासारखी बारीक काचेची नळी, तिच्यातल्या शाईला विद्युतभार द्यायचा, म्हणजे शाई स्वतःच बारीक थेंबांनी कागदावर उडते, घर्षणाचा प्रश्नच नाही. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी द्रवाची धार तुटून तिचे थेंब का आणि केवढे होतात याचं गणित मांडलं. नळ बारीक सोडल्यावर खाली धारेचे मोती होतात ना, तेच. स्वीडनमध्ये रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने अशाच नळीतून शाई उडवून हृदयाचा आलेख काढणारं यंत्र बनवलं, त्याचं अमेरिकन पेटंट १९५१ चं. या माणसाने पुढे १९५८ मध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर बनवला. एका आयुष्यात दोन गोष्टी, आणि दोन्ही आज घरोघरी. आम्ही आपले एका थेंबावर पाच वर्षं काढतो!

१९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी धारेतल्या प्रत्येक थेंबाला हवा तसा विद्युतभार देऊन त्याला वळवायची सोय केली. हवा तो थेंब कागदावर, नको तो गटारात. आणि गटारातली शाई परत टाकीत. तुमच्या पाण्याच्या बाटलीवर एक्स्पायरीची तारीख ठिपक्याठिपक्यांनी उमटलेली असते ती बहुधा याच जातीच्या यंत्राने. म्हणजे शाई वाया जाऊ न देणारा इंकजेट आधीच होता. पण तो मोठा, महाग, आणि पंप, गाळण्या, झडपा यांनी भरलेला. घरात ठेवण्यासारखा नव्हे.

घरात येण्यासारखा इंकजेट जन्मला तो एका चुकीतून. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्दो यांच्या टेबलावर शाई भरलेली एक सिरिंज होती. तिच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची सळई लागली आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. आतली शाई उकळली, बुडबुडा झाला, बुडबुड्याने पुढची शाई ढकलली. झालं! पॅसिफिकच्या अलीकडे ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ च्या सुमारास स्वतंत्रपणे हीच गोष्ट सुचली. तिथे सांगतात की मूळ कल्पना कॉफीच्या परकोलेटरवरून आली, त्यातही खालचं पाणी उकळून नळीतून वर उडतं. आपल्याकडे कुणी लक्ष दिलं असतं तर चहाच्या आधणावरूनही सुचली असती, पण असो.

यंत्र म्हणून हे फार सुंदर आहे. छिद्राच्या मागे एक सूक्ष्म रोधक. त्यातून एका सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता प्रवाह सोडायचा. शाईचा अगदी पातळ थर तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, बुडबुडा फुगतो, थेंब सुटतो, बुडबुडा मिटतो, आणि रिकाम्या जागेत नवी शाई आपोआप ओढली जाते. पंप नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. हे सेकंदाला हजारो वेळा. आणि चिप बनवायच्याच पद्धतीने शेकडो छिद्रं एका तुकड्यावर स्वस्तात काढता येतात.

पण एक खोट होती. प्रत्येक वेळी शाई तापवायची म्हणजे रोधकावर तिचा जळका थर साचणार. जपानी लोकांनी याला 'कोगेशन' असं नाव दिलं, त्यांच्या करपण्याच्या शब्दावरून. आपल्या भाषेत सांगायचं तर भात बुडाला लागतो आणि खाली खरवड धरते, तेच. शिवाय छिद्रात शाई वाळते, हवा शिरते. अशी मुंडी वर्षानुवर्षं टिकवायची कशी? ह्यूलेट-पॅकार्डच्या लोकांनी उत्तर दिलं: टिकवायचीच नाही. मुंडी आणि शाई एकाच डबीत घालायची, शाई संपली की मुंडीसकट फेकून द्यायची. खरवड धरायच्या आत पातेलंच नवं! १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट आला, किंमत ४९५ डॉलर, बारा छिद्रं, आणि बदलायचं छोटं कार्ट्रिज.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की हा निर्णय लुबाडण्यासाठी घेतलेला नव्हता. मी त्या खोलीत असतो तर मीही तोच घेतला असता. ग्राहकाला दुरुस्तीवाला बोलवावा लागत नाही, हात काळे होत नाहीत, दर वेळी मुंडी नवी कोरी. टाकून देण्याची सोय हा त्या वेळी एका खऱ्या प्रश्नावरचा खरा तोडगा होता. पण एकदा डबी फेकायची ठरली की दर काही महिन्यांनी ग्राहक दुकानात येणार हेही ठरलं, आणि ते हिशेबाच्या माणसांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

१९८८ मध्ये डेस्कजेट आला, साध्या कागदावर छापणारा, तेव्हा त्याची किंमत हजार डॉलरच्या जवळ होती. २००० नंतर घरगुती इंकजेट पन्नास डॉलरच्या खाली मिळायला लागला. मधल्या काळात यंत्रं बनवणं स्वस्त झालं हे खरं, पण एवढं नाही. उरलेले पैसे शाईतून यायचे. याला सगळे 'वस्तरा आणि पाती'चा धंदा म्हणतात: जिलेटने वस्तरा फुकट वाटला आणि पात्यांवर कमावलं. गंमत म्हणजे जिलेटने सुरुवातीला असं काही केलंच नव्हतं. १९०४ चं पेटंट हातात होतं तोवर वस्तरा चांगला पाच डॉलरला विकला, तेव्हाचे पाच डॉलर म्हणजे थोडे नव्हेत. वस्तरा स्वस्त झाला तो १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर. म्हणजे या कथेचा खरा नायक प्रिंटरच.

डब्याही आखडत गेल्या. ह्यूलेट-पॅकार्डच्या नव्वदीतल्या ४५ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये ४२ मिलीलिटर शाई असे. २००० च्या दशकातल्या ५६ क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये १९, आणि २१ क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये ५. पाच मिलीलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाचा एक चमचा! कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. थेंब लहान आणि नेमके झाले, त्यामुळे एका मिलीलिटरमध्ये पूर्वीपेक्षा जास्त पानं निघायला लागली. ४२ मिलीलिटरमध्ये आठ-नऊशे पानं निघत, पाच मिलीलिटरमध्ये दोनशेच्या जरा आत. हिशेब केला तर इंजिनिअरांनी शाईची बचत खरोखरच केली होती. ती ग्राहकाच्या खिशापर्यंत पोचली नाही, एवढंच.

आणि ही 'पानं' कुठली? बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापलं पान मोजायची. पाच टक्के शाईचं पान ही रूढी होती, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर कागदातले पाचच काळे. साधं, सुटसुटीत व्यावसायिक पत्र. लेकाचा सायन्स प्रोजेक्ट किंवा सत्यनारायणाच्या आमंत्रणावरचा गणपती छापला की तो हिशेब गडगडलाच. लेझरच्या टोनरसाठी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत इंकजेटसाठीही.

आता माझ्या निळ्या कार्ट्रिजकडे येतो. त्यातली सगळीच शाई कुठे गेली असेल? कारण मी निळं असं काही फारसं छापलंच नव्हतं. उत्तर आहे प्रिंटरच्या पोटात. बराच वेळ न वापरलेलं छिद्र वाळतं, म्हणून प्रिंटर सुरू होताना प्रत्येक रंगाचे थेंब थोडे थोडे बाजूला थुंकून टाकतो. ज्या खळग्यात थुंकतो त्याला या धंद्यातले इंजिनिअर चक्क 'स्पिटून' म्हणतात, म्हणजे पिकदाणी! काही प्रिंटरांत त्याखाली शाई शोषणारी जाड फेल्टची गादी असते. ती भरली असं मोजणाऱ्याला वाटलं की 'सेवाकाळ संपला' असा संदेश देऊन प्रिंटर कायमचा बसतो, बाकी यंत्र ठणठणीत असलं तरी. मोजणारा गादीकडे बघत नाही बरं का, किती वेळा थुंकलो एवढंच मोजतो. मी दर वेळी वीज वाचवायची म्हणून प्रिंटरचा प्लग काढून ठेवायचो. म्हणजे प्रत्येक वेळी लावला की बिचारा किती वेळ गेला हे न कळल्यामुळे पूर्ण चूळ भरायचा. दोन पैशांची वीज वाचवून दोन डॉलरची शाई पिकदाणीत! हे कळलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच सांगतोय. :)

आणि खळखळणारी? तिचंही स्पष्टीकरण आहे. एप्सनसारख्या कंपन्यांच्या प्रिंटरात शाई तापवत नाहीत, विजेने वाकणारा स्फटिक तिला ढकलतो. ती मुंडी महाग, प्रिंटरमध्येच कायम राहणारी. तिच्यात हवा शिरली तर ती गेली, म्हणून कार्ट्रिजमध्ये थोडी शाई राखून ठेवायची. तांत्रिकदृष्ट्या मला हे पूर्ण पटतं. पण किती राखायची हे कोण ठरवणार? २००३ मध्ये ब्रिटनच्या 'विच?' या ग्राहक मासिकाने 'संपली' अशी सूचना डावलून छापून बघितलं, तर एका एप्सन प्रिंटरने आणखी ३८ टक्क्यांपर्यंत चांगली पानं दिली. अमेरिकेत याच मुद्द्यावर ग्राहकांनी एकत्रित दावा लावला, आणि २००६ मध्ये एप्सनने तडजोड करून ग्राहकांना ४५ डॉलरपर्यंतचं खरेदीचं क्रेडिट देऊ केलं. फ्रान्समध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी करणं हा २०१५ पासून गुन्हा आहे. २०१७ मध्ये तिथल्या एका संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली आणि सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली.

'संपली' असं सांगणारी जी चिप कार्ट्रिजवर असते, तिच्यावरून झालेला खटला हा या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. मी राहतो सिनसिनाटीला, आणि खटल्याचा निर्णायक निकाल आमच्याच गावातल्या अपील न्यायालयात लागला, त्यामुळे थोडा गावाचा अभिमानही आहे.

इथून दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर लेक्सिंग्टन आहे. घोड्यांचं गाव. तिथे आयबीएमचा टाइपरायटरचा प्रचंड कारखाना होता. १९९१ मध्ये तो आयबीएमपासून वेगळा होऊन लेक्समार्क ही कंपनी झाली. लेक्समार्कने लेझर प्रिंटरच्या टोनरवर एक योजना काढली: कार्ट्रिज सवलतीत घ्या, पण एकदाच वापरा आणि रिकामं झालं की आम्हालाच परत करा. खोकं फोडलं की तुम्हाला अट मान्य. ग्राहकाने अट मोडली तर? म्हणून आत चिप. चिपने प्रिंटरशी ठरलेला हस्तांदोलनाचा इशारा केला नाही तर प्रिंटर चालायचाच नाही. उत्तर कॅरोलायनातल्या सॅनफर्ड गावच्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने तोच इशारा करणारी चिप बनवून कार्ट्रिज पुन्हा भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांना विकायला सुरुवात केली. २००२ च्या डिसेंबरअखेर लेक्समार्कने दावा ठोकला, आणि कायदा कुठला लावला? १९९८ चा डिजिटल कॉपीराइटचा कायदा, जो सिनेमे आणि गाणी चोरणाऱ्यांसाठी केला होता. त्यांचं म्हणणं, चिपमधला छोटा प्रोग्रॅम हे आमचं साहित्य आहे आणि यांनी कुलूप तोडून ते चोरलं.

खालच्या कोर्टाने २००३ मध्ये लेक्समार्कच्या बाजूने मनाई हुकूम दिला. मग प्रकरण सिनसिनाटीत आलं. निकालपत्र मी वाचलं आहे (कायद्याचं मला काही कळत नाही, पण हे वाचता येतं). हे 'साहित्य' केवढं, तर एका मॉडेलमध्ये ३७ बाइट आणि दुसऱ्यात ५५. न्यायाधीशांनी नमूद केलं आहे की दोन्ही पक्षकार कंपन्यांची नावं टाइप केली तरी त्याहून जास्त जागा लागेल! आणि कुलपाबद्दल त्यांचा युक्तिवाद तर आमच्या आजीने केल्यासारखा आहे: पुढचं दार सताड उघडं असताना मागच्या दाराला कुलूप आहे म्हणून घर बंद आहे असं म्हणता येत नाही. प्रिंटर ग्राहकाने विकत घेतलाय, त्यातला प्रोग्रॅम त्याला तसाही वाचता येतो. २६ ऑक्टोबर २००४ ला मनाई उठली.

लेक्समार्क थांबली नाही. आता पेटंटचा कायदा काढून तिने कार्ट्रिज भरणाऱ्या अनेकांवर दावे लावले. बहुतेकांनी तडजोडी केल्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनच्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने केली नाही, आणि वॉशिंग्टनपर्यंत गेली. ३० मे २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पेटंट असलेली वस्तू एकदा विकली की पेटंटचा हक्क संपला. मग ती सवलतीत विका, अटी घालून विका, देशात विका की परदेशात. ती वस्तू आता घेणाऱ्याची. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचं उदाहरण दिलं. गाडीतल्या हजारो सुट्या भागांच्या कंपन्या प्रत्येक विक्रीनंतर हक्क सांगायला आल्या तर त्या गॅरेजवाल्याने धंदा करायचा कसा?

आता यातली गंमत बघा. स्टॅटिक कंट्रोलला २०१५ मध्ये एका चिनी कंपनीने विकत घेतलं, जुहाईची अपेक्स, जिचा धंदाच कार्ट्रिजच्या पर्यायी चिप बनवण्याचा. आणि २०१६ मध्ये त्याच अपेक्सने भागीदारांबरोबर लेक्समार्कही घेतली! बारा वर्षं कोर्टात एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी एकाच घरात नांदायला आल्या. पुढे २०२५ मध्ये लेक्समार्क झेरॉक्सने घेतली. म्हणजे सांगलीत ज्याला आपण 'झेरॉक्स' म्हणतो तीच ती.

कोर्टातली लढाई जिंकली म्हणून घरातली जिंकली असं मात्र झालं नाही. कायदा म्हणतो वस्तू तुमची, पण प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असतो. १३ सप्टेंबर २०१६ ला जगभरात ह्यूलेट-पॅकार्डचे अनेक ऑफिसजेट प्रिंटर एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारायला लागले. आदल्या दिवसापर्यंत चालत होती. आधी घातलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख लपवलेली होती. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागून ते काढायचा पर्याय दिला, पण पद्धत पुढच्या मॉडेलांत राहिलीच. २०१३ पासून शाईची वर्गणीही आहे: महिन्याला अमुक पानं, कार्ट्रिज घरपोच. वर्गणी बंद केलीत की आत शाई असली तरी ते कार्ट्रिज छापत नाही. काडतुसावरून आपल्याकडे १८५७ साली काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इथले लोक मात्र गुमान क्रेडिट कार्ड काढतात.

अमेरिकेत कोर्टकचेऱ्या चालू होत्या तेव्हा प्रश्नाला दुसऱ्याच टोकाकडून उत्तर मिळालं, आणि ते आपल्यासारख्या देशांतून. इंडोनेशियात, भारतात, दुकानदार काय करत? मूळ कार्ट्रिजला भोकं पाडून बारीक नळ्या जोडायच्या, प्रिंटरच्या बाहेर चार बाटल्या लावायच्या. सलाइन लावलेला पेशंटच. सांगलीत आमच्या कॉलेजजवळ जर्नल छापून देणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडे असे तीन प्रिंटर शेजारी शेजारी लावलेले असत, आणि त्यांच्या नळ्या चिकटपट्टीने भिंतीला टांगलेल्या. एप्सनने हे थांबवायचे प्रयत्न सोडून शेवटी नक्कलच केली. ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर आणला. प्रिंटर महाग, शाई स्वस्त, ७० मिलीलिटरची बाटली, काळ्या बाटलीत चार हजार पानं. पाच मिलीलिटरच्या चमच्याशी तुलना करा. भारतात तो लवकरच आला, आणि मग कॅनन आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनाही टाक्या काढाव्या लागल्या. अमेरिकेत एप्सनचा टाकीवाला प्रिंटर आला तो २०१५ मध्ये. पाच वर्षं उशिरा! तंत्रज्ञान पश्चिमेकडून पूर्वेकडे येतं असं शाळेत शिकलो होतो. इथे एका जुगाडाने जकार्ताहून सिनसिनाटीला यायला पाच वर्षं घेतली, कारण इथलं गिऱ्हाईक कार्ट्रिजला पैसे देत होतं.

अक्षरांवरही प्रयोग झाले, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार दम नाही. २००८ मध्ये एका डच कंपनीने अक्षरांच्या पोटात बारीक भोकं पाडलेला 'इकोफॉन्ट' काढला. २०१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने ईमेलचा फॉन्ट बदलून बारीक रेघांचा सेंच्युरी गॉथिक केला. पण तो रुंद, त्यामुळे शाई वाचली तरी कागद वाढायची भीती. २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या एका शाळकरी मुलाने गॅरामाँड वापरून सरकारचे कोट्यवधी डॉलर वाचतील असा हिशेब मांडला आणि तो जगभर गाजला. जाणकारांनी दाखवून दिलं की त्याच आकड्याच्या पॉइंटला गॅरामाँड मुळातच लहान दिसतो. टाइम्स एक-दोन पॉइंटांनी लहान केला तरी तेवढीच बचत. मुलाचं कौतुक आहेच, चौदाव्या वर्षी मी पाठकोऱ्यांवर साइन-थीटा करत होतो.

माझ्या घरी आता गराज सेलमधून घेतलेला जुना काळा-पांढरा लेझर आहे. टोनर म्हणजे कोरडी भुकटी, ती सहा महिने पडली तरी वाळत नाही, थुंकत नाही. महिन्यात दहा पानं छापणाऱ्याला हेच परवडतं. रंगीत फोटो मी दुकानातून काढून आणतो. ज्यांना इंकजेटच हवा त्यांनी तो भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, त्याच्या स्वतःच्या बटणाने करावा, म्हणजे मुंडी आपल्या टोपीत जाऊन बसते. आठवड्याला एक रंगीत पान छापावं, एरवी ड्राफ्ट आणि ग्रे ठेवावं. आणि छापण्याआधी प्रिव्ह्यू बघावा, कारण सगळ्यात जास्त शाई जाते ती वेबपानाच्या शेवटच्या, नुसती जाहिरात असलेल्या पानावर.

बाबांनी मागच्या वर्षी टाकीवाला प्रिंटर घेतला. व्हिडिओ कॉलवर मला बाटली ओतून दाखवली, एक थेंब न सांडता, पंचाहत्तरीच्या हाताने. मग विचारलं, "पाठकोरे वापरतोस ना रे?"

सांगितलं, लेझरमध्ये नाही चालत. एकदा तापून गेलेला कागद वाकडा होतो, दुसऱ्यांदा घातला की अडकतो. मी नव्या कागदाच्याच दोन्ही बाजूंना छापतो. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग चुकलेले तरी ठेव. नात आठवीत गेली की लागतील."

नात सध्या तीन वर्षांची आहे. क्लिप आणली आहे.